नागपूरला जाणे

आपल्या भागात ‘शहरात गेला आहे’ असे कोणी म्हटले की कोणत्या शहरात, हे विचारावे लागत नाही. कज्जा उभा राहिला, दुखणे हाताबाहेर गेले, पोराच्या नोकरीचा अर्ज द्यावयाचा झाला, की लाखनीचा माणूस नागपूरची वाट धरतो. वाट ऐंशी किलोमीटरांच्या आसपासची. शहरांचे इतिहास बहुधा शहरात राहणाऱ्यांनी लिहिले आहेत. तेथे दोन दिवसांसाठी जाऊन परत येणाऱ्याची नोंद त्यांत क्वचितच सापडते. आज त्या पाहुण्याविषयी बोलावयाचे आहे.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण करून नागपूर ही त्याची राजधानी ठरविली. लोक पूर्वीही नागपूरला जात, बाजाराला जात, दरबारी कामाला जात. परंतु काखेत कागदांचे पुडके घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरणारा पाहुणा इंग्रजी अमलात वाढला. त्याला शहर पाहावयाचे नसे. एक सही मिळाली की त्याचे शहर संपले!

तो जाई कसा? आगगाडीने, असे आपण पटकन म्हणू. मुंबईकडून येणारी आगगाडी १८६७ साली नागपुरात पोचली. पुढे १८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत लहान मापाचा रूळ पडला. तोच रस्ता १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर कंपनीने घेऊन रुंद केला. हा रूळ मुख्यतः छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी टाकलेला होता. आपल्या जिल्ह्याच्या गावाला त्यातून मिळाले ते ‘भंडारा रोड’ नावाचे स्टेशन, आणि तेही वरठीला, भंडाऱ्यापासून दहा किलोमीटरांवर. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ हा शब्द दिसला की खुशाल समजावे, गाव दूर आहे! लाखनीच्या माणसाने बैलगाडीने वरठी गाठावी, म्हणजे नागपूरच्या वाटेचा मोठा भाग बैलाच्याच पायांनी तोडला गेला. म्हणून आपल्या लोकांचा खरा मार्ग राहिला तो दारावरून जाणारा नागपूर-रायपूर रस्ता, ज्याला जुनी माणसे ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पावसाळ्यात कारध्याला वैनगंगा चढली की गाड्या अलीकडच्या काठीच थांबत, आणि कोर्टाची तारीख काही नदीसाठी थांबत नसे.

पुढे मोटारी आल्या, आणि नंतर लाल एस. टी. आली. एस. टी.चे मोल आपण तिच्या खडखडाटावरून ठरवितो. ते चुकीचे आहे. तिने छापील तिकीट आणले. गणेशपेठच्या स्टँडवर उतरणाऱ्या म्हातारीला आणि वकिलाला एकच दर, हे या रस्त्यावर एस. टी.ने रुजविले. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला, तेव्हा छापील तिकीट नसले म्हणजे काय होते ते प्रवाशांनी पाहिले. संपकऱ्यांच्या मागण्या मला पटल्या होत्या, हे येथे लपवीत नाही. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट झाले आणि आमच्या विडी वळणाऱ्या बाया दवाखान्याला एकट्याने जाऊ लागल्या. एरवी सोबत येणाऱ्याचे तिकीट परवडत नाही, म्हणून तपासणी पुढल्या महिन्यावर ढकलली जाई.

शहरात उतरल्यावर या पाहुण्याचा नकाशा फार लहान असतो. बर्डी, मेडिकल, मेयो, कोर्ट, स्टेशन. पाच नावांत नागपूर संपते. मेडिकल म्हणजे १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. या पाच ठिकाणांच्या मधले अंतर मात्र त्याला ठाऊक नसते, आणि अनोळखी माणसाच्या खिशाला कात्री लागते ती याच अंतरात. टांगेवाला, सायकलरिक्षावाला, मग ऑटोवाला, यांना पाहुण्याचे बोचके दुरूनच ओळखू येते. त्यांनाही दोष देऊन भागत नाही. सायकलरिक्षा ओढणारे कित्येक जण स्वतःच खेड्यातून आलेले. कालचा पाहुणाच आजच्या पाहुण्याला ओढीत होता.

रात्रीचा मुक्काम हा याहून कठीण प्रश्न. कोणी धर्मशाळेत, कोणी जातभाईंकडे, कोणी गावच्या पोराच्या वसतिगृहात राही. ज्याला धर्मशाळेची पायरी बंद होती, त्याने कोठे जावे? १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गावोगावचे अस्पृश्य विणकर तेथे कामाला लागले. इंदोरा, पाचपावली या भागांत त्यांच्या वस्त्या झाल्या. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या दलित पाहुण्याला नागपुरात पाठ टेकायला जागा मिळाली ती या गिरणीकामगारांच्या खोल्यांतून.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे १९५६ चा दसरा नीट समजतो. डॉ. आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यातून उभे होते. तेथे त्यांचा पराभव झाला. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा खेडोपाडीचे लोक आगगाडीने, गाड्यांनी आणि पायी, पांढरी वस्त्रे नेसून, बरोबर भाकरी बांधून तेथे पोचले. संख्येविषयी तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत निरनिराळे आकडे दिले जातात. एवढा जनसमुदाय अनोळखी शहरात आला, राहिला आणि शांतपणे परतला. संघटनेचे काम करणारा माणूस म्हणून मला त्यामागची व्यवस्था दिसते. वाट दाखवायला समता सैनिक दलाचे स्वयंसेवक होते, वस्त्यांत घरे उघडी होती, आणि ज्याला भेटावयास लोक आले होते तो माणूस व्यासपीठावर समोर उभा होता.

आता दुसरा दिवस पाहा. १९५३ च्या नागपूर करारानंतर आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० पासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरू लागले. पूर्वी कागद घेऊन एकटा जाणारा माणूस आता मोर्चाने जाऊ लागला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचे लोक विदर्भातल्या खेड्यांतून नागपुरात आले होते. अनुसूचित जमातीत आपली गणना व्हावी, एवढे त्यांचे मागणे. मॉरिस कॉलेजजवळ मोर्चा अडविला गेला. निवेदन घेण्यास कोणी येईल म्हणून लोक संध्याकाळपर्यंत ताटकळले. मग गर्दी पुढे सरकली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, आणि ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया व लेकरे पुष्कळ होती. पुढे कठडे, मागे माणसे, आणि कोणती गल्ली कोठे निघते हे ठाऊक नसलेला पाहुणा! बर्डीत त्यांचे स्मारक आहे. मागणे मात्र अजून सुटलेले नाही: २०१८ साली उच्च न्यायालयाने ते मान्य केले, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला.

तेव्हापासून आमच्याकडे मोर्चाला नेताना प्रत्येक बाईच्या हातात एक चिठ्ठी असते: गाडीचा नंबर, गाडी कोठे उभी आहे, आणि चुकामूक झाली तर यशवंत स्टेडियमच्या कोणत्या फाटकाशी थांबावयाचे. घोषणा मागाहून शिकवितो, परतीची वाट आधी. लेकरे घरी ठेवून या, असेही सांगतो. ते दर वेळी ऐकले जातेच असे नाही, कारण घरी ठेवावयाचे कोणापाशी?

नागपुरात २०१९ साली मेट्रो सुरू झाली, आणि डिसेंबर २०२२ पासून ती आपल्या भंडारा रस्त्याच्या बाजूला प्रजापतीनगरपर्यंत येते. तेथे बसले की रेल्वे स्टेशन व बर्डी सरळ गाठता येते. दर लिहिलेला असतो, घासाघीस नाही. मेडिकलच्या दारात मात्र ती जात नाही. तेथे जावयाचे तर बोचके उचलून पुन्हा ऑटोवाल्याला भाडे विचारावे लागते, आणि रात्री रोग्याजवळ एकालाच थांबू देतात. बाकीचे आवारात, झाडाखाली, चादर अंथरून पडतात. तुमच्यापैकी निम्म्या जणांनी ती चादर अंथरली असेल.