तळटीप १४ : रॅक्लोप्राइड

१४. रॅक्लोप्राइड : मेंदूतील डोपामिनच्या डी-२ ग्राहींना चिकटणारे द्रव्य. त्यात किरणोत्सारी कार्बन-११ घालून ते शिरेतून टोचतात आणि कुठे जमले ते पेट स्कॅनवर पाहतात. डोपामिन स्रवले की तेच या ग्राहींवर बसते, रॅक्लोप्राइडला जागा कमी उरते. म्हणून प्रतिमेत खूण जिथे फिकी पडते तिथे डोपामिन वाढले असे धरतात. लेखकाच्या मनातला प्रयोग माँट्रियलचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. संगीताने अंगावर काटा येण्याआधी, वाट पाहतानाच, कॉडेट भागात आणि प्रत्यक्ष त्या क्षणी न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्समध्ये डोपामिन स्रवते, असे त्यात दिसले (हा क्रम मात्र एफएमआरआयवरून ठरवला). तिथले संगीत श्रोत्यांनी स्वतः निवडलेले, शब्दांविना होते. त्यावरून भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूरच्या दंडार या लोकनाट्याविषयी लेखक जे अनुमान काढतात ते धाडसाचेच. ते तिथेच तपासून पाहणेही अवघड : कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे सायक्लोट्रॉन हाताशी लागतो. नागपुरात तयार केला तरी साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात पोचेपर्यंत जेमतेम अष्टमांश उरेल. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. — संपादक