परीचे पंख आणि जोगिणीची कफनी
लखनौच्या रंगभूमीवरील आहार्याचा विचार

भरताने अभिनयाच्या चार प्रकारांत आहार्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. संस्कृतात 'नेपथ्य' म्हणजे मुख्यतः नटाचा वेष. मराठीत त्या शब्दाचा अर्थ पडदे व देखावे यांपुरता उरला. वेषाविषयीची आपली उदासीनता या अर्थांतरातच दिसून येते. लखनौच्या नाट्येतिहासाकडे पाहिले असता ही उदासीनता किती महाग पडते, हे ध्यानात यावे.

1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी लखनौस युवराज वाजिद अली शाहने 'राधा कन्हैया का किस्सा' हा रहस सादर करविला. पुढे राजा झाल्यावर त्याने कैसरबागेत जोगिया मेळा भरविला. तेथे सामान्य जनांस प्रवेश होता, परंतु भगवी वस्त्रे ल्यावी लागत, असे अब्दुल हलीम शरर यांनी नोंदविले आहे. म्हणजे प्रेक्षकही वेषधारी झाला.

याच काळात आगा हसन 'अमानत' यांची 'इंदरसभा' अवतरली. ती दरबाराच्या आज्ञेने झाली, हा समज दीर्घकाळ रूढ होता. मसूद हसन रिझवी 'अदीब' यांनी तो साधार खोडून काढला आणि हे नाटक लोकांच्या रंगभूमीचे आहे, असे दाखविले. मित्राच्या आग्रहावरून लिहिलेली ही कृती. तिच्यामागे राजाचा खजिना नव्हता आणि रंगविलेल्या पडद्यांची मालिकाही नव्हती. मग इंद्राची सभा उभी राहिली कशावर? प्रामुख्याने गाण्यावर आणि वेषावर. पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज या चार पऱ्यांची नावे म्हणजेच त्यांचे रंग. परी प्रवेश करताच तिची ओळख डोळ्यांना पटावी, ही योजना संहितेतच आहे.

'इंदरसभे'त कथानक नाही, केवळ गाण्यांची माळ आहे, हा आक्षेप नेहमीचा. तो संहितेपुरता खरा वाटेल. वेषाकडे पाहिले की टिकत नाही. सब्ज परी गुलफाम या मानवावर अनुरक्त होते. इंद्र कोपून तिचे पंख छाटवितो. ती जोगिणीच्या वेषात परत येते आणि गायनाने राजाला जिंकून प्रियकर मिळविते. पंख, पंखांचा वियोग आणि कफनी या तीन वेषावस्थांतच नाटकाचा आरंभ, संकट व निर्वहण सामावलेले आहे. कैसरबागेत जोगिया वेष पाहिलेल्या नगराला त्या कफनीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

1856 साली अवधचे राज्य गेले. 'इंदरसभा' मात्र पारशी मंडळ्यांबरोबर देशभर हिंडली. 1880 साली पुण्यास तिचा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे आपले नाट्येतिहास सांगतात. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. या ऋणाचा हिशेब आपण केवळ संगीताच्या खात्यावर मांडतो. वस्तुतः शकुंतलेचे वल्कल आणि दुष्यंताची अंगठी हीदेखील आहार्याचीच सामग्री आहे आणि त्या अंगठीवर संपूर्ण नाटक तोललेले आहे.

अमानत यांचे नाव ग्रंथांत राहिले. परीचे पंख बांधणारा कारागीर इतिहासाबाहेरच राहिला. हौशी रंगभूमीवर तर हे काम बहुधा घरातील पेट्या उघडून, उसन्या वस्त्रांवर पार पडते. परंतु साधन उसने असले तरी अर्थ उसना नसतो. हा अर्थ वाचण्याची सवय समीक्षेला लागेल, तेव्हाच 'नेपथ्य' या शब्दाला त्याचा हरवलेला अर्धा अर्थ परत मिळेल.