एक जूनचे वाढदिवस

आज सांताक्रूझच्या या सभागृहात निवृत्त मंडळी बरीच दिसतायत, म्हणून आधी एक विचारून घेऊ. तुमच्यापैकी किती जणांचा सरकारी वाढदिवस एक जून आहे? बघा, किती हात वर झाले! आता खरा वाढदिवस विचारला, तर निम्मे हात खाली येतील.

हा एक जून आला कुठून? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबाप पोराला घेऊन यायचे, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. "पुराच्या साली झाला," एवढंच. मग गुरुजी पोराकडे बघून अंदाजानं साल धरायचे आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. देशभर जन्मनोंदणी सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यातल्या पोरासाठी शाळेचं रजिस्टर हाच काय तो पुरावा. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. रकाना रिकामा ठेवून चालत नव्हतं.

पुढे तो पोरगा कारकून झाला, शिपाई झाला, तलाठी झाला, आणि दाखल्यावरची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चढली. हे पहिलं पान आम्हाला फार बोलकं वाटतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, उंची, अंगावरची ओळखीची खूण, बोटांचे ठसे. माणूस नोकरीला लागतोय की त्याला हुडकायचंय, असा प्रश्न पडावा! पण ही रीत जुनी आहे. अकबराच्या काळात घोड्याला डाग देत आणि स्वाराचा 'चेहरा' लिहून घेत. एकाच्या नावावर दुसऱ्यानं हजेरी लावू नये म्हणून. मराठीत 'चेहरेपट्टी' हा शब्द आजही आहे. सेवापुस्तकातला 'डाव्या गालावर तीळ' त्याच कुळातला.

इंग्रजी अमदानीत याला नियमांची चौकट मिळाली. मूलभूत नियम १ जानेवारी १९२२ पासून लागू झाले. मुंबई राज्याचे सेवा नियम १९५९ चे, आणि आपल्याकडचे महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९८१ चे. नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली, शिक्षा, सगळं त्या एका पुस्तकात. निवृत्तिवेतनाचा हिशेबही त्याच्यावरूनच. एखादी वेतननिश्चिती पडताळणी पथकाला चुकीची वाटली, तर वीस वर्षांपूर्वीची वसुली निवृत्तीच्या तोंडावर निघते. हे इथल्या अनेकांनी सोसलंय, त्यावर जास्त बोलत नाही.

जन्मतारखेचं मात्र बोललंच पाहिजे. १९८१ च्या नियमांप्रमाणे दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत करायचा. त्यानंतर सर्वसाधारणपणे ऐकून घेतलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९९३ साली हरनाम सिंग प्रकरणात, आणि २०१० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, नोकरीच्या अखेरीस केलेल्या अशा मागण्या फेटाळल्या. कारण उघड आहे. एकाची दोन वर्षं वाढली की त्याच्या खालच्याची बढती अडते, त्याच्या खालच्याचीही. तर्क आम्हाला पटतो. पण ज्याच्या आईनं उशिरा कुणाला तरी विचारून खरी तारीख सांगितली, त्याची दोन वर्षं गेली ती गेलीच. पंचविशीतल्या कारकुनाला अठ्ठावन्नाव्या वर्षाची चिंता कुठून असणार? तेव्हा तो नोकरी मिळाल्याचे पेढे वाटत असतो.

आता गंमत बघा. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एक जूनवाले सगळे ३१ मेला. म्हणून दरवर्षी त्या एकाच दिवशी राज्यातल्या कार्यालयांतून नारळ, शाल आणि भाषणांची झुंबड उडते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गुरुजींनी दौतीत टाक बुडवला, त्याचे हे समारंभ.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असावी, कार्यालयानं दरवर्षी मूळ पुस्तक दाखवून त्याची सही घ्यावी, पहिल्या पानावरच्या नोंदी दर पाच वर्षांनी पुन्हा साक्षांकित व्हाव्यात, अशी तरतूद आहे. पुस्तक न बघताच सही करणारे किती? नको, आता हात वर करू नका. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, मजलेच्या मजले जळाले, फाइली गेल्या. त्या आठवड्यात किती घरांत कपाटं उघडून जुने कागद शोधले गेले असतील! प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणाकडे आपली दुय्यम प्रत असेल, तर पहिलं पान जरूर दाखवा. तीळ कुठल्या गालावर लिहिलाय ते मिळून पाहू.