'लाय-इन' : एका शब्दामागील विश्रांतीचा इतिहास

उशिरा उठणाऱ्याला आपण थट्टेने 'सूर्यवंशी' म्हणतो. त्या थट्टेत ठपकाही असतो. ब्रिटनमधील 'लाय-इन' या शब्दात मात्र तो नाही. सुट्टीच्या दिवशी जाणूनबुजून अंथरुणात पडून राहणे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत यालाच 'स्लीप इन' म्हणतात. नकळत उशिरा जाग आली, तर तो 'ओव्हरस्लीप'. ती चूक होय.

याच क्रियापदापासून झालेला 'लाइंग-इन' हा शब्द पूर्वी बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी रूढ होता. १७४५ साली डब्लिनमध्ये आणि १७४९ साली लंडनमध्ये याच नावाची प्रसूतिगृहे निघाली. आपल्याकडील सव्वा महिन्यासारखीच ही प्रथा. तिच्या अखेरीस माता उपकारस्तुतीसाठी चर्चमध्ये येई.

श्रमिकांनीही आपली विश्रांती शोधली होती. रविवारनंतरचा सोमवारही कामाविना घालवण्याला इंग्लंडमधील कारागीर विनोदाने 'सेंट मंडे' म्हणत. आपण हा 'संत' कधी पाळला नाही, म्हणून मालकाची मर्जी संपादन केली, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या छापखान्यातील दिवसांविषयी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे गिरण्या आल्या. पहाटे लांब काठीने खिडक्या ठोठावून कामगारांना जागे करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर सुटी मिळाली. ज्याची प्रत्येक पहाट भोंग्याच्या ताब्यात गेली, त्याला सुट्टीच्या सकाळचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मग ख्रिस्ती परंपरेने निंदिलेला आळस कोणता? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, ईश्वरी हिताविषयी वाटणारी खिन्नता हे त्याचे मूळ. थकलेल्या देहाची झोप नव्हे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत रात्रीच्या प्रार्थनेचे आरंभीचे स्तोत्र संथपणे म्हणावयास सांगितले, ते उशिरा उठणाऱ्या बंधूंनाही पोहोचता यावे म्हणून. त्यानंतर येणाऱ्यास मात्र त्यांनी सर्वांच्या मागे उभे केले. शिस्त सोडली नाही आणि करुणाही सोडली नाही.

रविवारच्या मिस्साला उशिरा येणाऱ्यावर शब्दांचे आसूड ओढण्यापूर्वी, आठवड्याचे सहा दिवस तो किती वाजता उठतो, हे आपण धर्मगुरूंनी विचारावयास हवे. आणि त्यानेही स्वतःला विचारावे : आपण विसावलो आहोत, की देवाला टाळत आहोत?