समुपदेशकाचे पदव्युत्तर शिक्षण : नागपाडा ते जालना

समुपदेशक घडवणारे पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्रात 1936 साली मुंबईत रुजले. जालना जिल्ह्यात प्रशिक्षित समुपदेशकाची गरज सरकारदरबारी ठळकपणे मान्य झाली ती जवळपास 80 वर्षांनी, शेतकरी आत्महत्यांच्या काळात. महानगरात वाढलेली विद्या जिल्ह्यापर्यंत कशी पोहोचली आणि वाटेत तिच्यातले काय गळाले, हा या शिक्षणाच्या इतिहासाचा गाभा आहे.

आधीची व्यवस्था

मन मोकळे करण्याच्या जागा या भागात पूर्वापार होत्या. घरातली वडीलधारी माणसे, भावकी, गावचे पंच आणि सप्ताहाला येणारे कीर्तनकार सल्ला देत, समजूत घालत, भांडणे मिटवत. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. मनाला बोध करणारे त्यांचे श्लोक पिढ्यान्‌पिढ्या घरोघर म्हटले गेले. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडीचा जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आहे. ‘बाहेरची बाधा’ झाल्याची तक्रार घेऊन अनेक कुटुंबे तेथे येत आली आहेत.

या साऱ्यांत आधार नक्कीच होता. पण सांगितलेली गोष्ट चार भिंतींत राहील, याची हमी नव्हती. सासुरवास सोसणाऱ्या सुनेचा न्याय बहुधा सासरचीच माणसे करत. कर्जबाजारी माणसाला समजावणाऱ्यांत कधी कधी सावकारही बसलेला असे. व्यावसायिक समुपदेशन येथेच वेगळे ठरते. समुपदेशक नात्यागोत्यातला नसतो, ऐकलेले बाहेर सांगत नाही आणि निर्णय समोरच्या माणसाला स्वतः घेऊ देतो. ही शिस्त नुसत्या चांगल्या स्वभावाने येत नाही, ती शिकावी लागते. म्हणून तिचे शिक्षण उभे राहिले.

मुंबईतील आरंभ

अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईच्या नागपाडा वस्तीत समाजकेंद्र चालवले होते. गिरणगावालगतच्या दाट वस्तीतले प्रश्न सदिच्छेने सुटत नाहीत, त्यासाठी शिकलेला माणूस लागतो, या अनुभवातून 1936 मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक होते. पदवीधरांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्गातील अध्यापनाबरोबर वस्तीतील प्रत्यक्ष काम, अशी त्याची रचना होती. 1944 मध्ये संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला.

या संस्थेने 1937 मध्ये भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अभ्यासात मागे पडणारी, घरातून पळून जाणारी, अंथरूण ओले करणारी मुले तेथे येत. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून एकेका मुलाचा विचार करत. विद्यार्थी आईवडिलांना भेटत, घरी जात, मुलाची हकीकत लिहून काढत आणि ती अनुभवी शिक्षकापुढे ठेवत. शिक्षक त्यातील घाई, गाळलेले प्रश्न आणि उपदेशाचा सूर दाखवून देत. स्वतःचे काम असे दुसऱ्याच्या नजरेखालून घालण्याला देखरेख म्हणतात. समुपदेशनाच्या शिक्षणाचा तो आजही कणा आहे.

व्यवसाय मार्गदर्शन आणि विद्यापीठे

दुसरा प्रवाह नोकरी-धंद्याच्या निवडीतून आला. अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले होते. मुंबईत 1941 मध्ये बाटलीबॉय यांच्या पुढाकाराने आणि 1947 मध्ये पारसी पंचायतीतर्फे अशी केंद्रे सुरू झाली. 1950 मध्ये मुंबई सरकारनेही आपले केंद्र उघडले. मुदलियार आयोगाने 1953 मध्ये माध्यमिक शाळांतील मार्गदर्शनावर भर दिला, पुढे कोठारी आयोगानेही तोच आग्रह धरला. तेव्हापासून शिक्षकांसाठी मार्गदर्शनाचे अल्पमुदतीचे वर्ग भरू लागले.

याच सुमारास कार्ल रॉजर्स यांच्या 1942 मधील पुस्तकाने समुपदेशनाचा रोख बदलला. चाचणी घेऊन सल्ला देण्याऐवजी समोरच्याला समजून घेत ऐकणे, हे मुख्य साधन मानले जाऊ लागले. पुण्यात प्रा. वि. कृ. कोठूरकर यांच्या नेतृत्वाखाली 1950 मध्ये विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग उभा राहिला आणि 1959 मध्ये मुंबई विद्यापीठाने उपयोजित मानसशास्त्राचा विभाग काढला. विद्यापीठांबाहेरही काम वाढले. पुण्यात आप्पा पेंडसे यांची ज्ञान प्रबोधिनी 1962 मध्ये सुरू झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने उपचार, प्रशिक्षण आणि मराठीतून मनाच्या आरोग्याचे लोकशिक्षण यांची सांगड घातली.

मराठवाड्याची वाट

नागपाड्यात हे शिक्षण सुरू झाले तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे आणि तेथे उर्दू माध्यम होते. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जालना हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. आज त्यात आठ तालुके आहेत आणि तेथील महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. 1994 पासून त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे.

त्यामुळे जालन्याच्या मुलामुलींना मानसशास्त्रातील एम.ए. किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आवाक्यात आली. मात्र मानसशास्त्राच्या सर्वसाधारण एम.ए.मध्ये सिद्धान्त, संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांना मोठी जागा असते, तर खऱ्या माणसासमोर बसून देखरेखीखाली काम करण्याला तुलनेने थोडी. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजी. ‘डोकं जड पडलंय’, ‘जीव लागत नाही’, ‘काळजीनं पोखरलंय’ असे म्हणत येणाऱ्या माणसाचे दुःख त्या पुस्तकांतील लक्षणांशी जुळवून पाहण्याचे काम विद्यार्थ्याला स्वतःच करावे लागते.

सरकारी कार्यक्रमांतून आलेले समुपदेशक

जिल्ह्यांत ‘समुपदेशक’ हे पद रुळले ते प्रामुख्याने सरकारी योजनांमुळे. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने 1980 च्या दशकात कुटुंब समुपदेशन केंद्रांना अनुदान देणे सुरू केले. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये अमलात आला आणि त्यात समुपदेशनाची तरतूद होती. सर्वांत मोठा बदल एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमाने केला. सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत समुपदेशक नेमले गेले. तपासणीपूर्वी संमती घेणे, निकाल सांगणे, जोडीदाराला कसे कळवायचे यावर बोलणे आणि औषधे चुकू न देणे ही त्यांची कामे होती. त्यांना शिकवण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘सक्षम’ प्रकल्प राबवला. गोपनीयतेचा नियम जिल्हा रुग्णालयाच्या छोट्याशा खोलीत पाळला जाऊ लागला, तो या पिढीमुळे.

त्यानंतर दुष्काळ आला. 2012-13 मध्ये जालना राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. वर्षानुवर्षे जपलेल्या मोसंबीच्या बागा पाण्याविना वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागाने प्रेरणा प्रकल्प हाती घेतला. मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा 14 जिल्ह्यांत तो लागू झाला आणि त्यांत जालना होता. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे खचलेली माणसे हेरते आणि गरज असेल त्याला पुढे जिल्हा पातळीवरील तज्ज्ञांकडे पाठवते, अशी त्याची साखळी आहे. 104 क्रमांकावर दूरध्वनीवरून समुपदेशनाचीही सोय झाली. 2022 पासून टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक देशभर सुरू आहे.

अशी साखळी चालू शकते, याचा पुरावा गोव्यात मिळाला आहे. तेथील ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर स्थानिक कार्यकर्त्यांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना त्याचा चांगला लाभ झाला. मात्र या कार्यकर्त्यांच्या पाठीशी तज्ज्ञांची सातत्यपूर्ण देखरेख होती. अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ उपक्रमानेही याच वाटेने गावपातळीवर काम केले.

पात्रता आणि कायदा

चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसाठी मात्र दीर्घकाळ अशी व्यवस्था नव्हती. एम.ए. झालेला आणि चार दिवसांची कार्यशाळा केलेला, दोघेही सारखीच पाटी लावू शकत. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा स्वतंत्र गट मान्य केला आणि समान अभ्यासक्रम व नोंदणीची वाट मोकळी केली. त्याआधी 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला होता. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, हे तत्त्वही याच कायद्याने आणले.

राज्यातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात एकही नव्हते. राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना जालन्यासाठी 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली. रुग्णालयाची इमारत रुग्णांसाठी जितकी मोलाची, तितकीच शिक्षणासाठीही आहे, कारण देखरेखीखालचे काम शिकायला अशी जागा लागते.

या प्रवासात अभ्यासक्रम जिल्ह्यापर्यंत आला, पदे आली, कायदाही आला. नागपाड्यात 1930 च्या दशकात ज्यावर सर्वाधिक भर होता ती देखरेख मात्र वाटेत मागे राहिली. जालन्यात पदव्युत्तर समुपदेशकाचे काम रुग्णाशी बोलण्यावर संपत नाही. गावोगावच्या आशांना शिकवणे, त्यांनी ऐकून आणलेले समजून घेणे आणि त्यांचा भार हलका करणे, हेही त्याचेच काम आहे. विद्यापीठाचे विभाग, जिल्हा रुग्णालय आणि नवे मनोरुग्णालय यांनी मिळून मराठीतून असे प्रत्यक्ष प्रशिक्षण उभारले, तरच हे शिक्षण जालन्यात खऱ्या अर्थाने पोहोचले असे म्हणता येईल.