लंडनपलीकडचे इंग्लंड : भारतीय विद्यार्थ्याने मँचेस्टर का पाहावे?

वसाहतकालीन भारताचा अभ्यास करणाऱ्याला इंग्लंडला जायची संधी मिळाली, की तो आधी लंडन गाठतो. हे साहजिकच आहे. संसद तेथे आहे, भारतमंत्र्याची कचेरी तेथे होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरेही आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिष्यवृत्ती असो, परिषद असो की नातेवाइकांचे आमंत्रण. निमित्त कोणतेही असले, तरी परतण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि ते मँचेस्टरला द्या. लंडनहून रेल्वेने सव्वादोन तासांचे अंतर आहे. भारतावर राज्य कसे चालवले गेले, हे लंडनमध्ये कळते. त्या राज्यात कोणाचा माल खपावा म्हणून जकातीचे कायदे बदलले गेले, हे कळायला मात्र मँचेस्टरच पाहावे लागते. आणि परळ, नागपूर किंवा चेन्नईचे पेरांबूर ज्याने पाहिले आहे, त्याला हे शहर अनेक इंग्रज प्रवाशांपेक्षा अधिक समजेल, असे माझे मत आहे.

या प्रवासाची तयारी घरापासूनच करता येते. तुमच्यापैकी काही जण चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षणासाठी राहत असतील. तेथून चेन्नई बीचला जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. रॉयपुरमच्या आधी वॉशरमनपेट हे स्थानक लागते. तमिळमध्ये त्याला वण्णारपेट्टै म्हणतात, म्हणजे धोब्यांची पेठ. हे धोबी घरोघरचे कपडे धुणारे नव्हते. कंपनीने विकत घेतलेले कोरे कापड जहाजात चढवण्यापूर्वी धुऊन शुभ्र करणारे हे कारागीर होते. १७३४ मध्ये मद्रासच्या गव्हर्नराने चिंताद्रिपेट वसवले, तेही विणकरांसाठीच. त्या काळी कापड इथून तिकडे जात होते.

ते इतके जात होते, की इंग्लंडमधील लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. त्यांच्या दबावामुळे ब्रिटिश संसदेने १७०० मध्ये छापील व रंगीत भारतीय सुती कापड देशात विकण्यासाठी आणण्यावर बंदी घातली. १७२१ मध्ये तर छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली. ब्रिटनमध्ये बनलेल्या निखळ सुती कापडाला मोकळीक मिळाली ती १७७४ मध्ये. हा सगळा काळ लँकेशायरचा सुती धंदा या भिंतीआड वाढत होता. यंत्रांचा शोध हे मँचेस्टरच्या यशाचे खरे आणि मोठे कारण आहे, ते नाकारू नका. पण पुढे याच शहराने जगाला मुक्त व्यापाराचा उपदेश केला, तेव्हा ही भिंत त्याच्या स्मरणात नव्हती.

मँचेस्टरला पोहोचल्यावर सर्वांत आधी रॉयल एक्स्चेंज पाहा. कापसाचे, सुताचे आणि कापडाचे सौदे या प्रचंड दालनात होत. १९६८ मध्ये सौदे थांबले आणि १९७६ पासून येथे नाट्यगृह आहे. दालनाच्या मधोमध काचेचे आणि लोखंडाचे गोल रंगमंदिर बसवलेले दिसते. तुम्ही मात्र मान वर करून भावफलक शोधा. शेवटच्या दिवशीचे भाव त्यावर अजून तसेच आहेत. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७ अब्ज यार्ड सुती कापड निर्यात केले आणि त्यातले जवळजवळ ३ अब्ज यार्ड एकट्या भारतात आले. म्हणजे या दालनात उभ्या असलेल्या दलालाला पंजाबात पाऊस कसा आहे आणि बंगालात पूजेच्या हंगामात उठाव किती होईल, हे ठाऊक असावे लागे.

इतकी मोठी गिऱ्हाईकी हातची जाऊ नये, यासाठी राजकारण करावे लागते, आणि मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने ते जाहीरपणे केले. त्यांच्या रेट्यामुळे १८८२ मध्ये भारतात येणाऱ्या कापडावरील जकात उठवली गेली. सरकारची तिजोरी आटल्यावर १८९४ मध्ये ती पुन्हा बसली, तेव्हा लँकेशायरने गदारोळ केला. १८९६ मध्ये तडजोड निघाली : आयात कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि भारतातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर. स्वतःच्या देशात विणलेल्या कापडावर, परदेशी कापडाची बरोबरी साधावी म्हणून कर! मुंबईच्या गिरणीमालकांपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांना हा अपमान वाटला. हा कर १९२६ मध्ये रद्द झाला. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत येतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते आर्थिक राष्ट्रवाद शहरी मध्यमवर्गाच्या घरात पोहोचवण्यात या करासारखी कारणे मोलाची ठरली.

येथवर वाचून मँचेस्टर म्हणजे केवळ शोषकांचे शहर, अशी समजूत करून घेऊ नका. एक्स्चेंजपासून थोड्याच अंतरावर सेंट पीटर्स फील्ड आहे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागायला तेथे सुमारे ६० हजार लोक जमले होते. त्यांच्यावर घोडदळ घातले गेले आणि किमान १५ जण मारले गेले. हेच पीटरलूचे हत्याकांड. याच जागेवर पुढे फ्री ट्रेड हॉल उभा राहिला, आज तेथे हॉटेल आहे. ३१ डिसेंबर १८६२ रोजी या सभागृहात मँचेस्टरच्या कामगारांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. अमेरिकन कापूस बंद पडल्याने गिरण्या थंडावल्या होत्या, घरी उपासमार होती, तरीही. लिंकनने त्यांना पाठवलेल्या उत्तरातला मजकूर शहरातल्या त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरला आहे.

त्या पुतळ्यापुढे उभे राहून हीच वर्षे भारतात कशी गेली, ते आठवा. मँचेस्टरची उपासमार ती मुंबईची चंगळ ठरली. खामगाव, अमरावती, हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत बँका, भागभांडवलाच्या कंपन्या आणि समुद्र बुजवण्याच्या योजना यांचे पीक आले. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे बादशहा. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले आणि ही सारी इमारत ढासळली. आपण भरलेली परीक्षेची उत्तरे येथून थेट १२ मे १८७५ च्या सुप्याच्या दंग्यावर उडी घेतात. कापसाचे भाव पडले, सावकाराने हात आखडला, कुणबी उठला. ही साखळी अगदीच खोटी नाही. पण पुणे-नगरचा तो पट्टा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा होता आणि तेथे नुकताच सारा वाढवला गेला होता, हेही उत्तरात लिहा. मँचेस्टरची सावली लांबवर पडली म्हणून दख्खनचा प्रत्येक अंधार तिचाच, असे होत नाही.

एक तास अँकोट्सच्या गल्ल्यांसाठी ठेवा. अठराव्या शतकाच्या अखेरच्या विटांच्या गिरण्या तेथे कालव्याकाठी उभ्या आहेत, आणि आत आता महागड्या सदनिका आहेत. लोअर परळमध्ये गिरणीच्या जागी मॉल पाहिलेल्याला हे दृश्य नवे वाटणार नाही. फरक इतकाच, की अँकोट्समध्ये इमारती राखल्या गेल्या. जवळच्या ओल्डहॅममध्ये प्लॅट ब्रदर्सचा कारखाना होता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी कंपनी काढली, तिची यंत्रे याच प्लॅटकडून आली. लँकेशायरचा एक कारखानदार भारताला कापड विकत होता, तर दुसरा त्याच कापडाला स्पर्धा करणारी यंत्रे विकत होता. ‘मँचेस्टरचे हितसंबंध’ असे एकवचनी लिहिण्यापूर्वी हे आठवा.

मजूर कायद्यांचेही तसेच आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाच्या तासांना मर्यादा हवी, असा आग्रह लँकेशायरने धरला. त्यामागे स्पर्धकाचा खर्च वाढवण्याचा हेतू होता, आणि भारतीय मालकांनी तो बोलूनही दाखवला. पण १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले, तेव्हा त्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांतीच मागितली होती. मागणी परक्याच्या सोयीची आहे म्हणून ती कामगाराची नव्हे, असे कसे म्हणणार? १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली.

हा प्रश्न डोक्यात ठेवून मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये जा. ब्रिटिश कामगार संघटनांची रेशमी निशाणे तेथे जपली आहेत. ती पाहताना पेरांबूर आठवा. बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी एप्रिल १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापली. बिन्नी कंपनीने युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांना न्यायालयात खेचले, कारण संप घडवणे तेव्हा करारभंगाला चिथावणी ठरू शकत होते. या प्रकरणानंतर १९२१ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कायदा आला. पेरांबूरची गिरणी १९९६ मध्ये बंद पडली.

वेळ उरला तर चेथम्स लायब्ररी पाहा. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स जेथे वाचत बसत, ते टेबल तेथे आहे. मँचेस्टर म्युझियममध्ये २०२३ पासून दक्षिण आशियाचे स्वतंत्र दालन आहे. जेवायला रशहोमची विल्म्स्लो रोड बरी. बिर्याणी मिळेल, पण पिठलं-भाकरीची आशा धरू नका.

दुसरा दिवस डार्वेनसाठी ठेवा. बोल्टनमार्गे गाडी जाते. विलायती कापडावरील बहिष्कार भरात असताना, मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली चिरडला गेला, ती तारीख १२ डिसेंबर १९३०. त्यानंतर वर्षाच्या आतच, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी बहिष्काराची झळ बसलेल्या या गिरणगावी येऊन राहिले. गिरणीतल्या स्त्रियांच्या गराड्यात उभे असलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जाण्यापूर्वी ते नीट पाहा. काम गमावण्याच्या भीतीत जगणाऱ्या त्या स्त्रिया जल्लोष करीत आहेत. असे का, याचे तुमचे उत्तर दहा-बारा ओळींत लिहून आणा. पुढील पाठाची चर्चा त्यावरूनच सुरू करू.