अल्टिमा (बरोक बुद्धिबळ)

बुद्धिबळाचाच पट, त्याच सोंगट्या, पण मारण्याचे नियम मुळापासून बदललेला खेळ. अमेरिकन खेळरचनाकार रॉबर्ट अ‍ॅबट (१९३३–२०१८) यांनी तो १९६२ मध्ये रचला. ‘बरोक बुद्धिबळ’ या नावानेही तो ओळखला जातो.

बुद्धिबळात सुधारणा सुचवणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. कापाब्लांकाने १९२० च्या दशकात पट रुंद करून दोन जादा मोहरे घातले, व्ही. आर. पार्टन यांनी १९५३ मध्ये ‘अ‍ॅलिस’ बुद्धिबळात एकाऐवजी दोन पट वापरले. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्वेनोस आयरेसला जाहीर केलेल्या प्रकारात मागच्या रांगेची मांडणीच चिठ्ठ्या टाकून ठरवायची, तिच्या ९६० तऱ्हा होतात. आपल्याकडच्या देशी पद्धतीतही प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेतून शेवटच्या घरी पोचे, तोच मोहरा होई. हे सारे फेरफार पटाचे, मांडणीचे, चालीचे किंवा बढतीचे. शत्रूच्या घरात जाऊन बसले की तो मेला, या मूळ नियमाला यांपैकी कोणी हात लावला नव्हता. अ‍ॅबट यांनी राजा वगळता नेमका तोच काढून टाकला, आणि अल्टिमाचे महत्त्व मुख्यतः एवढ्यासाठीच आहे.

मोहरे आणि मारण्याच्या रीती. राजा नेहमीसारखा एक घर चालतो आणि नेहमीसारखाच मारतो. प्यादी हत्तीसारखी सरळ, हवी तितकी घरे चालतात. बाकी सगळे मोहरे वजिरासारखे. चाली अशा जवळजवळ सारख्या करून टाकल्यामुळे मोहऱ्यांतला फरक उरतो तो फक्त मारण्याच्या पद्धतीत. मराठीत त्यांना रूढ नावे नाहीत. पुढची नावे कामावरून दिली आहेत.

चिमटाप्यादे शत्रूच्या शेजारी येऊन उभे राहते आणि पलीकडच्या बाजूला आपलाच कोणी असेल तर मधला मरतो. चिमटा उभा किंवा आडवा बसतो, तिरका नाही. दोन शत्रूंच्या मध्ये आपण होऊन शिरणाऱ्याला मात्र धोका नसतो. माघारी (वजिराच्या जागचा) शत्रूला खेटून उभा असताना त्याच्यापासून सरळ रेषेत दूर गेला की तो शत्रू पडतो. मादागास्करमधल्या फानोरोना या जुन्या खेळात अशीच एक रीत आहे. लांबउड्या (घोड्याच्या जागचा) शत्रूवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी मारतो आणि ओलांडलेल्याला उचलतो. वाघबकरी खेळलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की लांबउड्या दुरूनही येतो आणि त्याच रेषेत एकापुढे एक उड्याही घेतो. मात्र शत्रू पाठोपाठच्या दोन घरांत उभे असले तर तो अडतो.

समन्वयकाची (एका हत्तीच्या जागचा) रीत सर्वांत चमत्कारिक आहे. त्याला स्वतः शत्रूच्या जवळपासही जावे लागत नाही. तो चाल करून थांबला की तो आणि त्याचा राजा या दोघांच्या उभ्या-आडव्या रांगा जिथे एकमेकांना छेदतात, त्या दोन घरांतले शत्रू मरतात. समजा, राजा ई४ वर आहे आणि समन्वयक बी७ वर येऊन थांबला. मग बी४ आणि ई७ या घरांत शत्रू असतील तर दोन्ही एका चालीत गेले. नवख्या खेळाडूचे मोहरे याच रीतीने आधी जातात, कारण मारणारा आणि मरणारा यांच्यामध्ये नजरेला दिसणारा धागाच नसतो.

जखड्या (उलटा ठेवलेला दुसरा हत्ती) कोणालाही मारत नाही. त्याच्या आठही बाजूंना उभा असलेला शत्रू मात्र तो तिथे असेपर्यंत हलू शकत नाही. दोन्ही बाजूंचे जखडे शेजारी आले तर दोघेही थिजतात. अडकलेला मोहरा एक चाल खर्चून आपणच पटावरून उचलावा, अशी मुभा काही नियमावल्यांत आहे, काहींत नाही. सरडा (उंटाच्या जागचा) ज्याला मारायचे त्याच्याच रीतीने मारतो: माघारीला माघार घेऊन, लांबउड्याला उडी मारून. जखड्याशेजारी गेला तर त्यालाच जखडतो. राजाला शह द्यायचा तर एका घरावरूनच. सरडा सरड्याला मारू शकत नाही.

किल्लेकोट नाही, बढती नाही. सुरुवातीच्या मांडणीत कोणता हत्ती उलटा ठेवायचा याबाबत सर्वत्र एकवाक्यता दिसत नाही.

प्रकाशन आणि दुरुस्ती. १९६३ मध्ये ‘अ‍ॅबट्स न्यू कार्ड गेम्स’ या पुस्तकात हा खेळ छापला गेला. पत्त्यांच्या डावांच्या पुस्तकात पटावरचा खेळ, म्हणजे पाहुणाच. त्यातल्या पत्त्यांच्या डावांत ‘एल्युसिस’ गाजला. एकाने मनात नियम ठरवायचा आणि इतरांनी पाने टाकत तो ओळखायचा, असा तो डाव. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्येच ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यावर लिहिले होते.

अल्टिमावर मात्र खुद्द अ‍ॅबटच खूश नव्हते. १९६८ च्या आवृत्तीत त्यांनी चालींना लगाम घातला: आपल्या बाजूने मोजता मोहरा जितक्याव्या आडव्या रांगेत उभा असेल, जास्तीत जास्त तितकीच घरे त्याने चालावे. पहिल्या रांगेतला एक घर, पाचवीतला पाच. खेळणाऱ्यांनी ही दुरुस्ती बव्हंशी मनावरच घेतली नाही आणि १९६२ चेच नियम चालू राहिले. कर्त्याचा अधिकार नियम छापून होईपर्यंतच असतो, याचे इतके ठसठशीत उदाहरण या क्षेत्रात विरळाच.

अ‍ॅबट यांचा खरा आक्षेप आणखी खोलवरचा होता: हा खेळ पुरेसा स्वच्छ दिसत नाही. बुद्धिबळात हत्तीची रेषा डोळ्यांनी पकडता येते. इथे पाच-सहा रीतींचे धोके एकाच वेळी मनात धरावे लागतात आणि पुढच्या दोन चाली पाहतानाच दमछाक होते. १९७५ मध्ये ‘गेम्स अँड पझल्स’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी खेळाच्या खोलीबरोबर या स्वच्छतेचाही विचार मांडला. पुढे अमूर्त खेळांवर लिहिणारे जे. मार्क थॉम्पसन यांनी २००० मध्ये चांगल्या खेळाचे चार गुण सांगताना त्यात स्वच्छतेचा समावेश केला. खेळ फसला म्हणावा, तर त्या फसण्यातून निघालेली ही कसोटी खेळापेक्षा जास्त टिकली, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.

डावनीती. जखड्या जपावा, कारण तो मारत नसला तरी शेजारचे सगळे शत्रू अडकवून ठेवतो.

प्रभाव. डेव्हिड प्रिचर्ड यांच्या १९९४ च्या बुद्धिबळ-प्रकारांच्या कोशात चौदाशेहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. त्यांतले बहुसंख्य त्यांच्या कर्त्यांखेरीज फारसे कोणी खेळलेले नसावेत. अल्टिमाला मात्र वंश लाभला. पीटर अ‍ॅरन्सन आणि डेव्हिड हाउ यांचा ‘रोकोको’ (२००२) हा त्यातला सर्वांत नावाजलेला प्रकार. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यांना बरोक बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिण्याचे काम दिले गेले आहे. खेळायला वेगळे साहित्य लागत नाही. घरातला बुद्धिबळाचा संच पुरतो, फक्त एक हत्ती उलटा उभा राहील असा सपाट माथ्याचा हवा.